कयाकला रॉड होल्डर, फिश फाइंडर, नांगराची दोरी बसवायची, पण भोक पाडायचं की चिकटवायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे मधेच वाचायला आलेल्यालाही कळेल. दहा फुटी, वर बसून वल्हवायची प्लास्टिकची कयाक घेतलीय, खाडीत गरवायला न्यायचीय, तिच्यावर दोन रॉड होल्डर, एक छोटा फिश फाइंडर (पाण्याची खोली आणि मासे दाखवणारं यंत्र) आणि नांगराची दोरी पुढेमागे सरकवायची सोय हवीय. नव्या कोऱ्या कयाकला ड्रिल लावायला हात धजत नाही म्हणून विचारताय की एमसील नाहीतर अ‍ॅराल्डाइटने चिकटवलं तर चालेल का, आणि जाता जाता काकांच्या फायबरच्या होडीला दोर बांधायचा क्लीट कसा बसवायचा हेही विचारलंय.

चिकटवण्याचं उत्तर नाही. आणि ते का नाही हे समजलं की बाकीचं अर्धं काम आपोआप समजतं, म्हणून तिथून सुरुवात करतो.

तुमची कयाक ज्या पद्धतीने बनलीय ती गच्चीवरच्या काळ्या पाण्याच्या टाकीचीच पद्धत आहे. साच्यात पॉलिथिलिनची पावडर टाकायची, साचा भट्टीत चारी बाजूंनी फिरवायचा, पावडर वितळून आतून साच्याला थर बसतो. रोटोमोल्डिंग म्हणतात त्याला. जाडी साधारण ४ ते ६ मिलिमीटर असते पण सगळीकडे सारखी नाही, कोपऱ्यात कुठे जाड कुठे पातळ निघते. आणि पॉलिथिलिनला जवळपास काहीच चिकटत नाही, त्याचा पृष्ठभागच तसा आहे, मेणासारखा. एमसील, अ‍ॅराल्डाइट, फेविक्विक, कुठलंही सिलिकॉन, सगळं वरवर बसल्यासारखं दिसतं आणि कडेला नख घातलं की पापुद्र्यासारखं सुटतं. त्यात त्या चिकटवण्याचा दोष नाही, ते दुसऱ्या कामाला बनलेत. ब्लो टॉर्चची ज्योत झरकन फिरवून पृष्ठभाग तयार करून मग खास लवचिक इपॉक्सी लावायची पद्धत आहे, व्हीएचबी टेप, म्हणजे जाड दोन्हीकडून चिकटणारी पट्टी, प्रायमर लावून चिकटवतात तीही आहे, पण ते वल्ह्याच्या क्लिपला, कॅमेऱ्याच्या छोट्या बेसला वगैरे. जिथे झटका बसणार तिथे नाही.

आता बघा, त्याच टाकीला प्लंबर निपल कसा बसवतो? भोक पाडतो, आतून वायसर, बाहेरून वायसर, चेकनट, आणि आवळतो. चिकटवत नाही. कारण त्याला माहीत आहे की या प्लास्टिकला दोन्ही बाजूंनी दाबून धरलं तरच पकड मिळते. कयाकचंही तेच आहे, फरक एवढाच की टाकीला कोणी ओढत नाही आणि तुमच्या रॉड होल्डरला एखादी तांबोशी खडकात घुसायला बघताना ओढणार आहे. म्हणून "भोक पाडू की नको" हा प्रश्न मला तेवढा मोठा वाटत नाही. पाण्याच्या रेषेच्या वर नीट पाडलेलं गोल भोक कयाकचं काही वाकडं करत नाही. खरं बघायचं ते हे, की त्या जागी किती जोर येणार आणि तो जोर आतल्या बाजूला किती मोठ्या जागेवर पसरणार.

पण ड्रिल काढायच्या आधी एक करा, भाजीवाले वापरतात तसलं एक प्लास्टिकचं क्रेट घ्या, त्याला दीड इंची पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे नायलॉनच्या टायने बांधा, आणि मागच्या सामानाच्या खोलगट जागेत ते क्रेट बंजी दोरीने घट्ट बांधून काही वेळा जाऊन या. एकही भोक नाही, खर्च नगण्य, आणि तुमचा हात कुठे जातो, रॉड कुठे आडवा येतो, मागे वळून रॉड काढताना तोल जातो का, हे सगळं पाण्यावर कळतं. मग ठरवा. बरेच लोक घरी अंगणात बसून जागा ठरवतात आणि पाण्यावर गेल्यावर वल्ह्याचं पातं दर फेरीला होल्डरवर आपटतं. अंगणात ठरवायचंच असेल तर निदान कयाकमध्ये बसा, लाइफ जॅकेट घालून बसा (त्याने हाताचा घेर बदलतो), वल्हं हातात घेऊन पूर्ण ताकदीच्या फेऱ्या मारून बघा, मार्करने खुणा करा. आणि एक जागा काहीही झालं तरी मोकळी सोडा, ती म्हणजे सीटच्या दोन्ही बाजूंचा मधला काठ. उलटलात तर पाण्यातून परत चढायचं तिथूनच, पोट घासत. तिथे होल्डर, क्लीट, बोल्टचं टोक असलं की जॅकेट अडकतं, नाहीतर बरगडी सोलते. या एका गोष्टीवर मी फार अडून बसतो, गिऱ्हाइकाला आवडो न आवडो.

दुसरं, कयाकला कंपनीने आधीच पितळी नट साच्यात बसवलेले आहेत का ते शोधा. बऱ्याच मॉडेलमध्ये असतात, त्यात स्क्रू किंवा प्लास्टिकची बुच असते म्हणून लक्षात येत नाही. असतील तर तिथेच होल्डर बसवा, यासारखं सोपं काही नाही. फक्त आटे तपासा. अमेरिकी कयाकमध्ये बहुधा पाव इंची, इंचाला वीस आट्यांचे नट असतात, आपल्याकडे हार्डवेअरवाला एम-६ देतो, दोन्ही डोळ्याला सारखेच दिसतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, त्यात एम-६ ढिला ढिला शिरतो, थोडा पकडल्यासारखा वाटतो आणि आवळला की आटे खातो. उलट केलंत तर सुरुवातीलाच अडकतो. हाताने बोटांनी शेवटपर्यंत फिरला तरच तो बोल्ट त्या नटचा, पाना लावून कधीही खात्री करू नका.

बोल्टचं सामान. इथे कंजुषी नको. नुसतं "स्टीलचा द्या" म्हटलं की काय मिळेल सांगता येत नाही, बाजारात एसएस म्हणून २०२ पण खपतं आणि ते खाऱ्या पाण्यात एका पावसाळ्यात लाल होतं. ३०४ गोड्या पाण्याला, धरणावर, तलावावर उत्तम. खाडीला आणि समुद्राला ३१६ घ्या, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्याने मिठाचा मारा सोसतो. बोल्टच्या डोक्यावर ए२ लिहिलं असेल तर ३०४ च्या जातीचा, ए४ असेल तर ३१६ च्या. चुंबक लावून ३०४ आणि ३१६ ओळखता येत नाहीत, कोणी तसं करून दाखवलं तर हसून सोडून द्या. मुंबईत नागदेवीला, पुण्यात बोहरी आळीत ए४ मागितलं की मिळतं, गावात नाही मिळालं तर ऑनलाइन मागवा, एका कयाकला लागतात किती, मूठभर. सोबत नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेले, आणि मोठ्या घेराचे वायसर, २५ मिमी तरी. लहान वायसर या प्लास्टिकमध्ये हळूहळू रुततो. आणि स्टेनलेसवर स्टेनलेस नट बॅटरीच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरने सुसाट आवळलात तर आटे एकमेकांना धरून बसतात, पुढेही नाही मागेही नाही, मग ग्राइंडरनेच कापायचा. पान्याने, हळू, थोडं ग्रीस लावून.

आता कुठे काय वापरायचं. मी जोरावरून ठरवतो.

नांगराच्या दोरीचे कडे, रॉड होल्डर, ओढायचं हँडल, यांना आरपार बोल्ट आणि आतून पट्टी. दुसरा विचारच नको. हात पोचतो का एवढंच बघायचं. हॅचचं झाकण उघडून हात घाला, कुठपर्यंत जातो ते बाहेरून खडूने आखून घ्या आणि शक्यतो त्या टापूतच होल्डर बसवा. आतल्या पट्टीला महाग काही लागत नाही, स्वयंपाकघरातला पांढरा चॉपिंग बोर्ड आणा, आठ-दहा मिमी जाडीचा, तो पण प्लास्टिकच, कुजत नाही, गंजत नाही, करवतीने कापला जातो. होल्डरच्या बेसपेक्षा चारी बाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटर मोठा तुकडा कापा, कोपरे गोल करा कारण टोकदार कोपरा हलला की नेमका तिथेच कयाकच्या अंगावर ताण येतो. पट्टी, त्यावर वायसर, त्यावर नायलॉक. सात फुटी रॉड म्हणजे चांगलाच लांब तरफ आहे हो, गळ तळाला अडकला आणि कयाक प्रवाहाने वाहतेय अशा वेळी बेसच्या मागच्या दोन बोल्टवर काय जोर येतो ते एकदा हाताने ओढून बघा म्हणजे चॉपिंग बोर्डाची किंमत कळेल.

हात पोचत नसेल तर एक जुनी युक्ती. गवत कापायच्या मशीनची नायलॉन तार असते ना, ती बाहेरून भोकातून आत सोडा आणि हॅचमधून तिचं टोक पकडून बाहेर काढा. बोल्टला आधीच वायसर आणि पट्टीचा तुकडा ओवून ठेवा, बोल्टच्या आट्यांच्या टोकाला तार चिकटपट्टीने किंवा श्रिंक ट्यूबने घट्ट बांधा आणि बाहेरून ओढत न्या, बोल्ट आतून भोकात येऊन बसतो. म्हणजे डोकं आत, नट बाहेर. पहिल्या बोल्टला वैताग येतो, दोन माणसं लागतात, पण होतं. बाहेर आलेल्या टोकाला घुमट नट लावा, उघडा बोल्ट ठेवू नका, पाय फाटतो.

फिश फाइंडरचा बेस, फोनचा बॉल माउंट, अशा हलक्या आणि झटका न बसणाऱ्या गोष्टींना वेलनट चालतो. रबराची छोटी बाटली समजा, तिच्या बुडात पितळी नट. बाहेरून भोकात घालायची, बोल्ट आवळला की रबर आत फुगून बसतं, पाणीही अडवतं, आत हात घालायची गरज नाही. भोक पाकिटावर लिहिलंय त्याच मापाचं पाडा, मोठं झालं तर ओढल्यावर फटकन बाहेर येतं. पण लोक वेलनटवर रॉड होल्डर बसवतात आणि मग मोठा मासा लागला की होल्डरसकट रॉड पाण्यात. शिवाय पितळ आणि स्टेनलेस खाऱ्या पाण्यात एकत्र राहिले की एकमेकांना धरतात, वर्षाने बोल्ट सोडवायला गेलात तर अख्खं रबर आत गोल गोल फिरतं आणि काही सुटत नाही. बसवतानाच आट्यांना वॉटरप्रूफ ग्रीस लावा आणि मोसम संपला की एकदा सोडून परत बसवा.

रिव्हेटबद्दल. साधे पॉप रिव्हेट नको. एकतर त्यांचं आतलं बोंड लहान, प्लास्टिकमधून ओढलं जातं, दुसरं म्हणजे त्यांची आतली कांडी बहुतेक लोखंडी, गंजते. कयाकसाठी तीन पायांचे रिव्हेट मिळतात, ट्राय-ग्रिप म्हणून, पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचे, ४.८ मिमीचे, ओढले की आत तीन पाकळ्या उलगडून पसरतात आणि गळ्यात रबरी वायसर असतो. दोरीच्या छोट्या कड्यांना, बंजीच्या हुकांना, वल्ह्याच्या क्लिपला एकदम छान, पटकन होतं. आपल्याकडे दुकानात सहसा दिसत नाहीत, मागवावे लागतात. काढायचा झाला तर ड्रिलने डोकं उडवावं लागतं आणि शेपूट कयाकच्या पोटात पडून पुढे खुळखुळत राहतं, बघा चालत असेल तर. आणि सेल्फ टॅपिंग स्क्रू? पाच मिलिमीटर मऊ प्लास्टिकमध्ये आटे किती पकडणार. नेमप्लेट लावायची असेल तर लावा.

ट्रॅकचं एक वेगळं सांगतो कारण हल्ली सगळ्यांना ट्रॅक, म्हणजे लांब खाच असलेली पट्टी हवी असते, याकअटॅक कंपनीचा गिअरट्रॅक म्हणा किंवा दुसरा कुठलाही अ‍ॅल्युमिनियमचा, त्यात होल्डर हवा तिथे सरकवता येतो, सोय चांगली आहे यात वाद नाही. पण पॉलिथिलिन उन्हात बेसुमार वाढतं. मीटरभर लांबीला १० अंशाला साधारण दीड-दोन मिलिमीटर. अ‍ॅल्युमिनियम तेवढ्यातच पाव मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. म्हणजे वाळूवर दुपारी चटका बसेल इतकी तापलेली कयाक आणि पहाटेच्या पाण्यातली कयाक यांत लांब ट्रॅकच्या दोन टोकांच्या भोकांमध्ये चांगला काही मिलिमीटरचा फरक पडतो. भोकं बोल्टच्या मापाला चपखल पाडली असतील तर कयाकचं अंग ट्रॅकच्या मधे लाटेसारखं फुगतं, नाहीतर भोकाच्या कडेला ताण येऊन कधीतरी चीर जाते. म्हणून एक लांब ट्रॅक घेण्यापेक्षा २०-३० सेंटिमीटरचे दोन घ्या, कयाकच्या अंगातलं भोक बोल्टपेक्षा अर्धा ते एक मिमी मोठं ठेवा, आणि ट्रॅकखाली रबराची पट्टी. बसवायचं काम सावलीत, भर उन्हात तापलेल्या कयाकवर खुणा करू नका.

भोक पाडायची रीत. आधी आतून हात फिरवून बघा मागे काय आहे. आत थर्माकोल किंवा फोमचा खांब असतो, पाणी निचरायच्या भोकांच्या नळ्या असतात (वरून खालपर्यंत आरपार जातात त्या), त्या नळीच्या भिंतीला ड्रिल लागलं तर बाहेरचं पाणी थेट पोटात. पाण्याची रेषा पण अंदाजाने धरू नका, सगळं सामान आणि तुम्ही स्वतः बसल्यावर कयाक किती बुडते ते पाण्यात एकदा बघून चिकटपट्टीने खूण करा आणि त्या खुणेच्या खाली काहीही नाही. मास्किंग टेप लावा, त्यावर खूण, टोच्याने बारीक खळगा, मग ३ मिमीचं भोक, मग शेवटचं. लाकडाचं मधे टोक असलेलं बिट प्लास्टिकला जास्त स्वच्छ कापतं, लोखंडाचं बिट शेवटी कचकन आत खेचलं जातं. बिटवर टेपचं गुंडाळं मारून खोली बांधा म्हणजे मशीन आत घुसणार नाही. वेग कमी, दाब कमी, प्लास्टिक वितळायला लागलं म्हणजे तुम्ही घाई करताय. भोक गोलच हवं, चौकोनी खाच कापायची असेल तर आधी चारी कोपऱ्यांत गोल भोकं आणि मग मधलं कापायचं, चीर नेहमी टोकदार कोपऱ्यातून सुरू होते. कडेचा बारीक कचरा ब्लेडने साफ, आणि आत पडलेला भुसा व्हॅक्यूमने काढा.

पाणी अडवायला सिलिकॉनचा लगदा थापू नका. वर सांगितलं तसं ते चिकटत नाही, फक्त दाबाखाली गास्केटचं काम करतं, मग गास्केटच घाला की. निओप्रीनचा पातळ तुकडा किंवा गाडीच्या जुन्या ट्यूबचं रबर बेसच्या आकाराचं कापून खाली द्या, बोल्टच्या मुळाशी ब्यूटाइल टेपची (चिकट, मऊ रबरी पट्टीची) बारीक वळी गुंडाळा. ज्यांना ट्यूबमधलंच लागतं त्यांनी सिकाफ्लेक्ससारखा पॉलियुरेथेनचा मरीन सीलंट वापरावा, आधी अर्धवट आवळायचं, सीलंट थोडा बसू द्यायचा, मग पूर्ण, नाहीतर पहिल्याच दाबात सगळा बाहेर येतो. घरातलं व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन धातूला खातं, ते तर नकोच. पूर्ण आवळणं म्हणजे रबर जरासं फुगलेलं दिसलं की थांबायचं, प्लास्टिक दबून खड्डा पडेपर्यंत नाही. आणि हे प्लास्टिक सतत दाबाखाली हळूहळू सरकतं, त्यामुळे आठवड्याभराने सगळे बोल्ट परत एकदा पाव-अर्धा फेरा घेतात, ते विसरू नका.

गळती तपासायला पोटात बादलीभर पाणी ओता, हॅच लावा, आणि कयाक आडवी-उलटी करून प्रत्येक नवी जागा पाण्याखाली येईल अशी थोडा वेळ धरा, बाहेर थेंब आला तर दिसतोच. कॉम्प्रेसरची हवा भरून बघायच्या फंदात पडू नका, कयाक फुगते आणि हॅचच्या कडा जातात. पहिल्या काही फेऱ्यांनंतर बुच काढून किती पाणी निघतं तेही बघत जा. अशा कयाकचं पोट बंद असतं, आत पाणी साचतंय हे वर बसलेल्याला कळत नाही, आणि आतलं पाणी एका बाजूला धावलं की कयाक एकदम बेभरवशाची होते.

फिश फाइंडरला तळाला भोक पाडायची गरजच नाही. एक सपाट जागा बघून ट्रान्सड्यूसर, म्हणजे त्याचा आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकणारा भाग, पोटाच्या आतच तळाला बसवा, मधे हवा राहता कामा नये, बस. तो आवाज पॉलिथिलिनमधून आरामात जातो, खोली बरोबर दाखवतो, पाण्याचं तापमान मात्र चुकीचं दाखवेल कारण तो कयाकच्या पोटातलं तापमान मोजणार. खरबरीत तळाला ड्युक्ट सीलची, म्हणजे इलेक्ट्रिशियन पाइपची तोंडं बुजवायला वापरतात त्या कधीच न वाळणाऱ्या पुट्टीची गादी करून त्यात ट्रान्सड्यूसर दाबून बसवला तर काढताही येतो. वायर वर आणायला इलेक्ट्रिकच्या दुकानातला नायलॉनचा केबल ग्लँड (वायरीभोवती आवळून पाणी अडवणारा नट), पीजी-७ मापाचा, बहुतेक वायरींना पुरतो, काही रुपयांची वस्तू. वायरीचं टोकाचं कनेक्टर त्यातून जात नाही हा घोळ होतो, तेव्हा आधी कनेक्टर मोजा. बॅटरी डब्यात, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.

आता नांगराच्या दोरीचं, कारण यात बोल्टपेक्षा जास्त धोका दुसरीकडे आहे. पुढच्या टोकाला एक कप्पी, मागच्या टोकाला एक कप्पी, त्यांच्यामधून पाच-सहा मिमीची दोरी बाजूने फिरते, तिच्यात एक कडी, त्या कडीतून नांगराचा दोर. बसल्या जागेवरून कडी नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, किंवा मागे सरकवता येते. कप्पी धरणाऱ्या दोन्ही कड्यांना आरपार बोल्ट आणि आतली पट्टी, एका टोकाला कप्पीच्या मागे बंजीचा छोटा तुकडा दिला की दोरी ताठ राहते. आणि कडी मधे असताना नांगर टाकायचा नाही, कधीच नाही. उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या तोंडाशी पाणी कसं पळतं ते तुम्हाला सांगायला नको, त्या वेळी कयाक प्रवाहाला आडवी धरली गेली की एक काठ खाली ओढला जातो आणि ती उलटते, विचार करायला वेळ मिळत नाही. आधी कडी टोकाला, मग नांगर. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, सवय करून घ्या. दोर अडकवायला एका झटक्यात सुटेल असाच क्लीट हवा, दोराच्या शेवटाला छोटा फ्लोट बांधा म्हणजे घाईत सोडून देता येतो आणि नंतर येऊन उचलता येतो, आणि सुरी जॅकेटवर, पिशवीत नाही. दीड किलोची घडीची चौफाळी नांगरी तुमच्या कयाकला पुष्कळ झाली.

भोक चुकीच्या जागी पडलं तर घाबरायचं कारण नाही, एक आखूड बोल्ट, दोन्हीकडे रबरी आणि मोठा वायसर, नट, झालं. प्लास्टिक वेल्डिंगने बुजवतात तेही चांगलं, पण वेल्डिंगची कांडी त्याच जातीच्या पॉलिथिलिनची हवी, आणि क्रॉसलिंक पॉलिथिलिनची कयाक असेल तर ती वितळतच नाही, तिथे वेल्डिंग विसरा. हवेच्या फुगवायच्या कयाकचा तर विषयच वेगळा, तिला भोक नाही, पीव्हीसीच्या चकत्या दोन भागांच्या पॉलियुरेथेन गोंदाने चिकटवायच्या.

काकांची होडी फायबरची आहे, तिथे बरंच उलटं. फायबरला इपॉक्सी घट्ट चिकटते, पण रंग आणि जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत कडक थर) पॉलिश पेपरने घासून खालची काचेच्या धाग्यांची मॅट दिसेपर्यंत काढला तरच, रंगावर लावलंत तर रंगासकट सुटून येईल. क्लीटला मात्र इथेही आरपार बोल्टच, कारण होडी धक्क्याला बांधलेली असताना लाटेने जो हिसका बसतो तो स्क्रू सहन करत नाही. आतून मरीन प्लायची पट्टी द्या, आयएस ७१० छापलेला प्लाय मागा, साधा कमर्शियल नको, आणि पट्टीच्या सगळ्या कडा आणि भोकांच्या आतल्या भिंती रेझिनने नीट भरून घ्या. भोक पाडताना आधी ड्रिल उलटं फिरवून जेलकोटचा थर घासून काढा, मग सुलटं, आणि भोकाच्या तोंडाची कड हलकीशी तिरकी घासा, नाहीतर बोल्ट आवळल्यावर जेलकोटला चांदणीसारख्या चिरा जातात. होडीच्या काठात बऱ्याचदा फायबरच्या आत लाकूड बंद केलेलं असतं, ड्रिलच्या भुशात लाकूड दिसलं तर तसंच बोल्ट घालू नका. भोक दुप्पट मोठं करा, इपॉक्सीत फिलर (घट्ट करायची भुकटी) कालवून ते पूर्ण भरा, वाळलं की त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडा, म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. हे पावसाळ्यात नको, लाकडात ओल असते आणि ती ओल तुम्ही आत कोंडून ठेवाल. दिवाळीनंतर कोरडं वारं सुटलं की करा, तोपर्यंत काकांना म्हणावं आहे त्या खुंटीला बांधा. क्लीटच्या बेसची जाडी आणि काठाची जाडी मोजून पाठवलीत तर बोल्ट किती लांबीचे घ्यायचे ते सांगतो, घरी असलेले बोल्ट कापून वापरायच्या आधी एवढं करा.